बोटाचं पाणी

मी दुधाची गाडी चालवतो. काय करता म्हणून कोणी विचारलं तं सांगतो, गाईच्या आधी उठतो. ऐकणारा हसतो. अशी बोलणी मला पटकन सुचतात. तोंडाला लगाम नाही आणि राग नाकाच्या शेंड्यावर, असा माझा स्वभाव. बायको म्हणायची, "या तोंडापायी एक दिवस तुमी फसता का नाई, पाहून घेजा." ती चुकली. माझ्या तोंडापायी मी फसलोच नाही. दुसरं माणूस फसलं, आणि मी बाजूला उभा राहून पाहत होतो.

तेव्हा माझ्याकडं मागून उघडी अशी छोटी गाडी होती. चिलिंगवरून, म्हणजे जिथं दूध थंड करून साठवतात तिथून, सकाळी रिकामे कॅन घेऊन निघायचं. जामच्या चौकातून समुद्रपूरच्या अंगाला वळायचं आणि गावोगावचं दूध घेत नऊच्या आत परत यायचं. उशीर झाला की दूध आंबतं, आणि आंबलेल्या दुधाचं पाप ड्रायव्हरच्याच माथी. मोठ्या गावांत दूध मोजायला डेअरी होती. आडवळणाच्या वस्त्यांत मीच माप घेऊन उतरायचो.

अशीच एक आठ घरांची वस्ती माझ्या लाइनवर शेवटची होती. सडकेला लागून निंबाचं झाड, झाडाखाली लोक आपापल्या बकेटी घेऊन उभे. आठ घरांचं मिळून एक कॅन व्हायचा, तोही गळ्याशी थोडा उणाच. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या शेतांमधली वस्ती, सगळे जुने ढोरंवाले, दूध मोठं गोड. तिथं मी पाच मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटं थांबायचो, कारण गप्पा. कोणाची गाय गाभण, कोणाच्या पोट्ट्याचं लग्न जमत नाही, सगळं मला ठाऊक.

झाडाच्या बरोबर समोर एका बुढीचं घर होतं. नवरा मरून पुष्कळ वर्षं झालेली, पोरगी पुलगावला दिलेली, घरात एकटी. दोन गवळाऊ गाई, पांढऱ्याफेक, आणि एक कालवड. मी तिला माय म्हणायचो. तिची बकेट नेहमी सगळ्यांत शेवटी यायची, कारण ती धार काढायच्या आधी गाईशी बोलायची. मी चिडवायचो, "माय, आटप न वं, तुह्या गाईची पंचाईत मंग कर." ती म्हणायची, "तुले काय घाई हाये गा? तुह्यी गाडी काय पान्हा चोरते?"

ती एक गोष्ट न चुकता करायची. बकेट माझ्या हातात देण्याआधी गडव्यातल्या पाण्यात बोटं बुडवायची आणि दुधावर तीनदा झटकायची. तीन झटक्यांत मिळून फार तं सात-आठ थेंब. कोरं दूध घराबाहेर जाऊ द्यायचं नसतं. कुणाच्या चुलीवर ते उतू जाऊन जळलं तर इकडं गाईच्या कासेला चटका बसतो, म्हणून आधीच पाण्याचा शिपका. आमच्याकडं जुन्या बाया सगळ्या हे करायच्या. माझी आई करायची. शेजारी वाटीभर दूध द्यायचं असलं तरी बोट बुडवल्याशिवाय वाटी उंबऱ्याबाहेर जात नसे. मी हे बुढीला एकदा सांगितलंही होतं. तिला भल्ला आनंद झाला. "तुह्यी माय शाहाणी होती," म्हणाली. बाकीच्या सात घरांनी चिलिंगवर दूध तपासायला लागल्यापासून हे सोडलं होतं, उगाच कोणी संशय घेऊ नये म्हणून. बुढीनं सोडलं नाही. लपवलंही नाही. सगळ्यांसमोर, झाडाखाली, सकाळच्या उजेडात ती बोटं झटकायची.

त्या वर्षी चिलिंगवरचं कॅन धुवायचं गरम पाण्याचं मशीन बंद पडलं होतं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, दुरुस्त होईपर्यंत ड्रायव्हरनं स्वतः कॅन विसळून, पालथे घालून, निथळून मगच भरायचे. मला तं हे म्हणजे बैलाला लुगडं धुवायला लावल्यासारखं वाटलं. दोनदा न विसळलेले कॅन सापडले म्हणून मी बोलणी खाल्ली होती. तिसऱ्यांदा सापडलं तर लाइन दुसऱ्याला, असं साहेबांनी चार लोकांत बजावलं होतं.

त्या सकाळी मी जामजवळच्या ढाब्याच्या टाकीवर कॅन विसळले. इमानदारीनं विसळले, खोटं कशाला सांगू. एकेक पालथा घालत होतो. शेवटचे दोन राहिले आणि ढाबेवाल्यानं आवाज दिला, पोहे झाले म्हणून. गरम पोहे आणि त्यावर लाल तर्री. त्या दोन कॅनांच्या तळाला विसळायचं दोन-तीन लिटर पाणी होतं, ते ओतून कॅन पालथे घालायचे होते. खाऊन घालू म्हटलं. खाल्लं, चहा घेतला, दोन शब्द इकडचे-तिकडचे केले, घड्याळ पाहिलं आणि धावत येऊन त्या दोघांवर झाकणं ठोकून निघालो. पाणी माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

त्यातला एक कॅन त्या वस्तीवर भरला, गप्पांच्या नादात आत न पाहता. दुसरा लागलाच नाही, रिकामा परत आला.

चिलिंगवर प्रत्येक कॅनमध्ये काचेची नळी सोडून पाहतात. दूध चोख असलं की नळी वर तरंगते, पाणी असलं की खाली बसते. वस्तीच्या कॅनमध्ये नळी अशी बसली की साहेबांनी दोनदा पुसून पाहिली. साहेब तिकडच्या, पश्चिमेकडच्या मुलखातले, नवे आलेले, कामाला कडक. "हे काय आहे?" म्हणाले. मी गाडीवरच उभा होतो. मागं सरकलो, तं तो रिकामा कॅन पायाला लागला आणि आतून पाणी डुचमळलं.

त्या क्षणी मला सगळं कळलं. पोहे, झाकणं, सगळं डोळ्यांपुढं आलं. कुणी ऐकलं तं नाही ना म्हणून मी त्या कॅनवर हात ठेवला, जसा एखाद्या भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडावर ठेवावा.

साहेब म्हणाले, "तिथं कोण पाणी टाकतं?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "एक बुढी हाये साहेब. मी डोळ्यानं पाह्यलं. गडव्यातलं टाकते."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे पुढं कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो. बुढी पाणी टाकत होती का? होती. मी पाहिलं होतं का? रोज. अशा खऱ्यापेक्षा खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, निदान मला पचायला सोपं गेलं नसतं.

त्या दिवशी वस्तीचा अख्खा कॅन परत केला. तो मीच नेऊन दिला. आठ घरांचं सकाळचं दूध, उन्हात तापलेलं, कोणाच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. लोक चिडले. कोणी केलं, कोणी केलं, सुरू झालं. मी म्हणालो, "उद्या साहेब येऊन राह्यले. दूध का दूध आन पानी का पानी होईन." असं मी म्हणालो! आज आठवलं तरी स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते. घरी आलो आणि विनाकारण बायकोवर ओरडलो, भाजीत मीठ जास्त म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्याच गाडीत बसून आले. मी झाडून सगळे कॅन गाडीतही पालथेच ठेवले होते, एकात थेंब नव्हता. निंबाखाली सगळी वस्ती जमलेली. बुढी नेहमीसारखी शेवटी आली, एका हातात बकेट आणि एका हातात गडवा. साहेबांनी सरळ विचारलं, "आजी, तुम्ही दुधात पाणी टाकता का?"

"हौ न बाप्पा," ती म्हणाली. "टाकतो न. रोजच टाकतो." आणि गडवा वर करून दाखवला, पाहुण्याला घरातली वस्तू दाखवावी तसा.

लोक फिस्सकन हसले. साहेबांना कळेना, चोर इतक्या सरळपणे कबूल कसा करतो. "किती टाकता?" तिनं बोटं बुडवून हवेत झटकून दाखवली. "एवढं." साहेबांना वाटलं, बाई चेष्टा करते आहे. त्यांच्या कानशिलाला लाली चढली.

तेव्हा बुढी माझ्याकडं वळली. तिला आता कुठं कळत होतं की इथं काहीतरी वाकडं चाललं आहे. ती म्हणाली, "तू सांग न गा याइले. तुले तं माईत हाये. तुह्यी माय करे न असंच."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. दोन वाक्यांचं काम होतं. साहेब, हा जुन्या लोकांचा रिवाज आहे, एवढ्यानं नळी हलतही नाही. बस, इतकंच. कॅनचं सांगायचीही गरज नव्हती. पण मला वाटलं, बुढीचं पाणी नाही तं मग कोणाचं, हा प्रश्न लगेच येणार. साहेबांची नजर गाडीवर जाणार.

मी म्हणालो, "मी काय सांगू? मी गाडी चालवतो."

एरवी दहा गोष्टी पचकणारं माझं तोंड, त्या दिवशी एवढंच बोललं.

बुढीनं पुन्हा विचारलं नाही. साहेबांनी तिचं दूध बंद केलं. बाकी सात घरांचं दूध घेतलं, आणि त्या दिवशी चिलिंगवर नळी कशी टुणकन वर आली! दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. यापेक्षा मोठा पुरावा कोणाला पाहिजे? जे दोन-चार लोक म्हणत होते की बुढी असं करायची नाही, तेही चूप झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तं चोराच्याच गाडीतून साहेब फाशी द्यायला आले होते.

पुढचे आठ-दहा दिवस ती रोज बकेट घेऊन झाडाखाली येऊन उभी राहिली. गडवा आणायची नाही. मी सगळ्यांचं दूध मोजायचो. तिच्याजवळ आलो की माप खाली करून पुढं जायचो. गप्पाही बंद झाल्या. त्या वस्तीवरचं माझं काम आता पाच मिनिटांत व्हायचं. मग एक दिवस ती आली नाही. शेजारच्या गावच्या डेअरीत तिनं जाऊन पाहिलं, असं कानावर आलं, पण तिच्याआधी तिची कीर्ती तिथं पोहोचली होती. एवढं दूध एकटी बाई काय करणार? खवा आटवला, तूप कढवलं, पोरीकडं पाठवलं. उन्हाळा लागायच्या आत एक गाय आणि कालवड बाजारात गेली. ती गाडीत चढवताना मी तिथून जात होतो. बुढी गाईच्या कपाळाला हात लावून उभी होती. मी हॉर्न न वाजवता, हळूच बाजूनं काढली गाडी.

पुढं गावोगाव दूध थंड करायची मशीनं आली. कॅन गेले, मला मोठा टँकर मिळाला. कित्येक वर्षं त्या वस्तीवर माझं जाणंच झालं नाही, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. माणूस मोठं हरामखोर जनावर आहे. समोर दिसलं नाही की विसरायला लागतं.

मागच्या वर्षीची गोष्ट. जामला चहाच्या टपरीवर उभा होतो. चहा पातळ होता. शेजारचा एक ट्रकवाला टपरीवाल्याला म्हणाला, "काऊन गा, पानीवालीकडून दूध आणून राह्यला काय?" सगळे हसले, सवयीचं हसतात तसे. मीही हसलो. मग विचारलं, कोण पानीवाली? तो म्हणाला, "मले काय माईत. असं म्हणतेत इकडं. होती म्हणे कोनी बुढी, समुद्रपूरकडं. दुधात पानी टाके."

ग्लास माझ्या हातात तसाच राहिला. जामचा चौक, चारी बाजूंची वाहनं तिथं थांबतात. इथपर्यंत ते नाव आलं होतं, आणि ज्यानं ते पहिल्यांदा गाडीत भरलं तो मी तिथंच उभा राहून हसलो होतो. मला रडू आलं. टपरीवाला म्हणाला, भाऊ, चहा गरम होता काय.

त्याच दुपारी मी वस्तीवर गेलो. बुढी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून तूर निवडत होती. केस सगळे पिकलेले, डोळ्यांवर जाड चष्मा. मला ओळखलं. "ये गा. लय दिवसानं," म्हणाली. पाणी दिलं. मी पाणी हातात धरून सगळं सांगून टाकलं. ढाबा, पोहे, दोन कॅन, पायाला लागलेला कॅन, सगळं. ती तूर निवडतच राहिली.

माझं संपल्यावर म्हणाली, "मले माईत होतं."

"कसं काय माय?"

"साहेब आला त्या दिवशी तुह्या गाडीत उरलेले रिकामे कॅन पालथे होते. त्याच्या आंधी मी कधी पालथे पाह्यले नोते. ज्याच्या मनात काई नाई तो कॅन पालथे काऊन घालते?"

"मंग तू तवाच काऊन नाई बोलली?"

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "कोनाले बोलू? तू तं तितंच उभा होता."

मी माफी मागितली. पायावर डोकं ठेवायला वाकलो, तं तिनं सूप मधे धरलं. "हे मले काऊन सांगतं?" म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो असायलाच पाहिजे होता. "मले तं माईतच हाये. ज्याइले माईत नाई त्याइले जाऊन सांग. झाडाखाली चूप राह्यला होता न, झाडाखालीच सांगजो."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि दूध मोजायच्या वेळेला तिथं पोहोचलो. आता झाडाखाली टिनाचं शेड आहे, आत मशीन. जुने चेहरे होते, काही नवे. मी काही प्रस्तावना केली नाही, माझ्या बापाला जमली नसती. सरळ म्हणालो की त्या वर्षी कॅनमध्ये पाणी माझं होतं, मी विसळून ओतलं नव्हतं, आणि बुढीवर ढकललं. ती करत होती तो बोटाचा शिपका होता, तुमच्या आयाही करत होत्या. काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या.

कोणी शिवी दिली नाही. मी तयारी करून गेलो होतो, दोन थापडा बसल्या तरी खायच्या म्हणून. एक म्हातारा, तेव्हा सगळ्यांत जास्त चिडलेला तोच होता, हातातली बकेट खाली ठेवून पुढं आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "म्हंजे आमीनं फुकट छळलं का गा तिले?" मी म्हणालो, हौ. तो म्हणाला, "बरं झालं सांगतलं. लय बरं झालं."

मग त्यानं आनंदानं सडकेच्या पलीकडं हात केला आणि जोरात हाक मारली, "ओ पानीवाली! ये वं इकडं! तुह्यं नाव साफ झालं!"

त्या नावाचं कुणालाच काही वाटलं नाही. एक बाई तं हसून म्हणाली, "देवाच्या घरी न्याव हाये." समोरच्या अंगणात बुढी झाडत होती. तिनं खराटा भिंतीला टेकवला, पदर सारखा केला.

"हौ, आली," म्हणाली, आणि सडक ओलांडून आली.